पाणी बंद कुठून होतं?

"बाग तर वाळलेली दिसू लागली," मुलीचे मामा म्हणाले आणि मोसंबीचं एक पिवळं पान तोडून त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं.

"वाळलेली नाही मामा, ताणावर आहे," मी म्हणालो.

"कशावर?"

"ताणावर. पाणी तोडलंय आम्ही. मुद्दाम."

"विहिरीत पाणी असून तोडलंय?" मामांनी वळून आपल्या बहिणीकडं पाहिलं. मामांचं परभणीला भांड्यांचं दुकान होतं. ज्या घरात पाणी असून झाडाला देत नाहीत त्या घरात भाचीला काय देतील, असा त्यांचा चेहरा झाला होता.

आता मोसंबी लावणाऱ्या गावात हे शेंबडं पोरही सांगेल. आंबे बहार धरायचा, म्हणजे आंब्याच्या मोहोराबरोबर फुलं आणायची, तर थंडीत झाडाचं पाणी तोडायचं. जमीन भेगाळू द्यायची, पानं पिवळी पडून गळू द्यायची, झाड पार कासावीस होऊ द्यायचं. मग योग्य वेळी पाणी सोडलं की झाड फुलांनी लदबदून जातं. पण मध्येच कुणी शहाण्यानं पाणी पाजलं, की झाड खुशाल नवी पानं काढत बसतं आणि फुलं येत नाहीत. वर्षभराचं पीक गेलं. माझे वडील, आबा, ताणाच्या दिवसांत बागेजवळ कुणाला तांब्या घेऊन जाऊ देत नसत. "एक थेंब पडला तर तंगडं मोडीन," हे वाक्य मी लहानपणापासून दर हिवाळ्यात ऐकत आलो होतो.

आणि नेमक्या अशा दिवसांत मुलीकडचे बाग बघायला आले होते, कारण आत्यानं घाई केली होती. पौष लागला की कुणी लग्नाचं बोलत नाही, म्हणून मार्गशीर्षातच उरकायचं. मोसंबीला मुहूर्त कळत नाहीत आणि आत्याला मोसंबी कळत नाही, मध्ये सापडलो मी.

माझीही गरज होतीच म्हणा. शेती करणाऱ्या पोराला मुली मिळत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, पण मला नकार देणाऱ्या मुली एकत्र आल्या असत्या तर मंडप टाकावा लागला असता. एकीला शहरात नोकरी करणारा हवा होता, एकीला सासू नको होती, एकीनं तर माझा फोटो बघून "हे मुलाचे वडील का?" असं विचारलं होतं. तेवढ्यात आत्यानं कावेरीचं स्थळ आणलं. मुलगी शिकलेली, शेतकऱ्याची. वडील वारलेले, आई आणि ती दोघीच. माझी ना नोकरी विचारली, ना जमीन. तिची एकच अट होती: रात्री पाणी धरायला जाणारा नवरा नको.

मी ते ऐकून खो खो हसलो होतो. पारावर मित्रांना सांगितलं, "नाजूक प्रकरण आहे गड्या, एकटीला झोपायची भीती वाटती." सगळे हसले. पण अट मी मनावर घेतली. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. म्हणजे निम्मी रात्रपाळी ठरलेलीच. मग मी सोलर बसवलं, आणि नुसतं सोलर नाही, बॅटरी असलेलं. दिवसभराचं ऊन साठवायचं आणि भल्या पहाटे, गारव्यात, ठिबकमधून पाणी सोडायचं. जमिनीत कांड्या खोचलेल्या. त्या ओल मोजणार, यंत्र स्वतः ठरवणार कोणत्या झाडाला किती पाणी द्यायचं, आणि आपण अंथरुणात पडून मोबाईलवर बघणार. असं यंत्र पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. ते बसल्यावर मी इतका फुगलो की दोन वेळा सरपंचाला ओळख दिली नाही.

अडचण एकच होती, आबा. त्यांना यंत्राच्या त्या पांढऱ्या डब्याची बटणं दाबून बघायची फार हौस. म्हणून मी कंपनीच्या माणसाला सांगून डब्याला कुलूप लावून घेतलं आणि किल्ली त्याच्याकडंच ठेवायला लावली. "सगळं मोबाईलवर आहे, हात लावायची गरजच काय?" मी ऐटीत म्हणालो होतो. ताण सुरू झाला तसं मोबाईलवरूनच यंत्र झोपवून ठेवलं होतं.

तर त्या दिवशी मामा पुढं, मी त्यांच्यामागं, आणि कावेरी जरा अंतरावर. मुलीनं स्वतः शेत बघायला यायचं, हे आईला जरा विचित्रच वाटलं होतं. पण कावेरी आली आणि पोहे खाताना मान खाली घालून बसली, तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. बागेत मात्र ती बागेकडं बघतच नव्हती. ती मोटरघराजवळच्या पांढऱ्या डब्याभोवती एक चक्कर मारून आली. कुलूप हलवून पाहिलं. मग फिल्टरपाशी थांबली, पाइप कुठून कुठं जातात ते वाकून बघू लागली. मला वाटलं, माझ्याकडं बघायची लाज वाटती म्हणून बिचारी पाइपाकडं बघती. मी केसांवरून हात फिरवला.

तिची आई, लताबाई, मोटरघराकडं आल्याच नाहीत. "मी इथंच बरी," म्हणत बांधावर उभ्या राहिल्या.

"आणि ही बॅटरी चालती का नुसती शोभेला ठेवलीय?" मामांनी डब्यावर टिचकी मारली.

"चालती म्हणजे? रात्रंदिवस चालती!"

"मग चालवून दाखवा की."

"आता ताण आहे मामा. ताण संपला की या, दाखवतो."

"हां." मामा हसले. दुकानात गिऱ्हाईक "पुढच्या वेळी घेतो" म्हणालं की दुकानदार हसतो तसं. "पाणी आहे पण द्यायचं नाही. बॅटरी आहे पण चालवायची नाही. बरं आहे."

मला ताणाचं माहीत नव्हतं असं नाही. मी ताणातच वाढलो. पण कावेरी बघत होती, आणि माझ्या डोक्यात हवा गेली. दोन मिनिटं चालवलं तर काय होतंय, असा विचार केला. आबा घरी चहाचं बघत होते. मी मोबाईल काढला, बोट दाबलं आणि म्हणालो, "बघा."

कसला आवाज नाही, धूर नाही. पाइप फक्त किंचित थरथरला, फुस्स करून त्यातली हवा गेली आणि झाडाखाली थेंब पडायला लागले. टप टप टप. मामांचं तोंड उघडं पडलं. मी कावेरीकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, भारावली.

"बंद करा," ती म्हणाली. तिनं माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"हो हो, करतो ना." मी मोबाईलवर बोट दाबलं. गोल फिरायला लागलं. परत दाबलं. परत गोल. बागेच्या त्या कोपऱ्यात रेंज कधी येते कधी जाते, आणि पाणी सुरू होताच ती गेली होती. मी मोबाईल वर धरला, उलटा धरला, उड्या मारल्या. आणि तिकडं यंत्राला जमीन पार कोरडी सापडली होती. इतके दिवस त्याला झोपवून ठेवलेलं, आता जागं झाल्यावर त्यानं बघितलं की झाडं मरायला टेकलीत आणि मालक नालायक आहे. मग त्यानं सगळा कारभार आपल्या हातात घेतला. एका ओळीचं पाणी एकेक करत पुढच्या ओळींना सुरू झालं.

तेवढ्यात आबा आले. त्यांनी थेंबांचा आवाज ऐकला आणि हातातली चहाची किटली तिथंच सोडली.

"बंद कर! अरे बंद कर नालायका!"

"होत नाही आबा! रेंज नाही!"

"पाणी बंद करायला रेंज कशाला लागती?"

आबांनी कुलूप ओढलं. "किल्ली कुठं आहे?"

"कंपनीच्या माणसाकडं."

"तो कुठं आहे?"

"नाशिकला."

आई धावत आली, तिनं बघितलं आणि हात जोडून उभी राहिली. "देवा, लाईट जाऊ दे रे. एकदाच जाऊ दे." आमच्या घरानं आयुष्यभर लाईट यावी म्हणून देवाला साकडं घातलं होतं, जावी म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा घातलं. पण लाईटीचा संबंधच नव्हता. बॅटरी काठोकाठ भरलेली होती आणि वर ऊन लख्ख पडलं होतं. मी गावभर सांगत फिरलो होतो, "लाईट गेली तरी माझं पाणी थांबत नाही." अगदी खरं होतं ते.

आबा कुदळ घेऊन आले. ती त्यांनी डब्यावर उगारली आणि मी धावत जाऊन डब्याला मिठी मारली. "आबा, नको! वॉरंटी जाईल!" हे मी होणाऱ्या बायकोसमोर ओरडलो. मामा मागं सरकता सरकता चिखलात बसले.

या सगळ्या गोंधळात एक माणूस फक्त भानावर होतं. कावेरीनं पदर खोचला, सरळ फिल्टरपाशी गेली आणि त्याच्या बाजूचा धुवायचा मोठा कॉक दोन्ही हातांनी फिरवला. पाण्याचा लोट बाहेर उसळला, तिच्या साडीवर, तोंडावर, आणि उठून उभे राहत असलेल्या मामांवर. पण ठिबकचा जोर गेला. थेंब मंदावले, मग थांबले. पाणी चारीतून ओढ्याकडं पळायला लागलं. पंप चालूच होता, पण बाग वाचली होती. म्हणजे निम्मी वाचली होती. निम्म्या ओळी भिजल्या त्या भिजल्याच.

"पाणी बंद होत नसंल तर दुसरीकडं तर जाऊ द्या," ती आबांना म्हणाली. ओल्या साडीनं तशीच उभी होती, आणि कॉकवरचा हात काढत नव्हती. कॉक परत फिरेल म्हणून, असं मला वाटलं.

मामांनी मग जे तोंड सोडलं ते मी इथं लिहीत नाही. मुलगी अजून उंबरा ओलांडून आली नाही तोवर तिला चिखलात उतरवली, असा त्याचा मथळा होता. ते भाचीला आणि बहिणीला घेऊन निघून गेले. त्यानंतर मला सुचलं की मारुतीच्या पारावर रेंज चांगली येते. तिथं जाऊन बोट दाबलं आणि पंप बंद झाला. हे आधी का सुचलं नाही, हे आबांनी मला पुढं बरेच दिवस विचारलं, बहुतेक जेवताना.

स्थळ गेलं असं सगळ्यांनीच धरलं. आत्या फोनवर रडली. पारावर मित्र मला "वॉरंटी" म्हणायला लागले. मीही हसण्यावारी नेलं, पण खरं सांगायचं तर मनातून ती मुलगी जात नव्हती. दोन्ही हातांनी कॉक फिरवताना तिचा जो चेहरा होता, तो गोठ्यात धार काढतानाही दिसायचा.

आणि मग एका दुपारी तिचाच फोन आला.

"मी कावेरी बोलते. ताण मोडला का?"

"निम्म्या झाडांचा. बाकीची शाबूत आहेत, तुमच्यामुळं." मी गोठ्यात उभा होतो, म्हशीला गप्प बस म्हणून खूण केली. "माफ करा, त्या दिवशी जरा शायनिंग मारायला गेलो."

"ते दिसलं."

"पण तुमची अट तर पुरी केली की मी. आता रात्री जायचं कामच नाही. यंत्र आपलं आपण बघतं."

"हो. पण ते बंद कुठून होतं?"

"अं?"

"मी आल्यापासून तेच बघत होते. डब्याला कुलूप आहे. मोबाईल तुमच्या खिशात. तुम्ही नसाल तेव्हा तुमच्या आईनं काय करायचं? पाण्याचा कॉक सापडला म्हणून बरं. करंट असता तर?"

"अहो, त्यात करंट उतरायचा काही प्रश्नच..."

"आमच्या पप्पांचंही असंच होतं," ती म्हणाली. "सगळं त्यांनाच माहीत. रात्रीची लाईट आली म्हणून मोटर चालू करायला गेले. आई टॉर्च घेऊन सोबत होती. पेटीला हात लागला तो सुटलाच नाही. आईला बंद कुठून करायचं ते माहीत नव्हतं. ती ओरडत राहिली. मी घरातून पळत गेले, मलाही माहीत नव्हतं. खांबावरचा खटका डोक्याच्या वरच होता, नंतर लोकांनी दाखवला. आई टॉर्च धरून उभी होती, आम्ही दोघी नुसत्या बघत होतो."

मी बोलण्यात कुणाला हार जात नाही, ही माझी ख्याती. त्याच तोंडानं पारावर केलेला विनोद मला आठवला आणि लाजेनं अंग तापलं. मग रडू आलं. फोन कानाला लावून मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो.

"तेव्हापासून कुठंही गेले की मी आधी तेच बघते," कावेरी म्हणाली. "लोकांना वाटतं आगाऊ आहे. ठेवते."

मी त्याच दिवशी कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि इतका आरडाओरडा केला की तो नाशिकहून खरंच आला. कुलूप काढायला लावलं. मोटरघराच्या भिंतीवर, डब्याच्या बाहेर, एक मोठं तांबडं बटण बसवून घेतलं. दाबलं की सगळं बंद, मोबाईल असो नसो. किती उंचीवर बसवू, त्यानं विचारलं. मी आईला उभी केली. "हिचा हात सहज जाईल तिथं."

आई मिक्सरलाही हात लावत नव्हती, शेजारच्या वहिनीकडून वाटून आणायची. तिला बटण दाबायला शिकवणं हे यंत्र बसवण्यापेक्षा अवघड काम होतं. आधी लाटण्यानं दाबायची. मग पदर गुंडाळून. शेवटी एकदा बोटानं दाबलं आणि पंप थांबला, तेव्हा तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलं.

मी कावेरीला कळवलं. "आईला जमतं. आबांना जमतं. मलाही, बऱ्यापैकी."

पौष चालू होता. त्या महिन्यात कुणी सोयरिकीच्या कामाला घराबाहेर पडत नाही. पण कावेरी आली, सोबत लताबाई. मामा नव्हते. दोघी एसटीतून उतरून चालत आल्या.

"आम्ही बघायला नाही आलो," लताबाई आईला म्हणाल्या. "हिला ते बटण बघायचंय म्हणती."

ताण अजून चालू होता. वाचलेल्या ओळी आता अशा पिवळ्या पडल्या होत्या की आबा रोज सकाळी त्यांच्याकडं कौतुकानं बघत बसायचे. सगळे मोटरघराशी आलो. लताबाई या वेळीही बांधावरच थांबल्या. मी फिल्टरचा कॉक ओढ्याकडं फिरवून ठेवला. यंत्र चालू केलं.

"आई," कावेरी माझ्या आईला म्हणाली, "आता तुम्ही बंद करा."

आईनं पुढं होऊन बटण दाबलं. पाइपाची थरथर थांबली. कावेरीनं मान हलवली. मग आबांनी दाबून दाखवलं, मग मी, आणि माझं झाल्यावर तिनं परत एकदा दाबायला लावलं. मी म्हणालो, "पास झालो का?" ती आपल्या आईकडं बघत होती.

लताबाई बांधावरून उतरल्या होत्या. हळूहळू चालत त्या भिंतीपाशी आल्या आणि बटणासमोर उभ्या राहिल्या. हात पुढं केला, मागं घेतला.

"मी बघू का एकदा दाबून?" त्यांनी विचारलं.

मी घाईघाईनं पंप चालू केला आणि चालू केल्यावर बघितलं तर काय, मघाच्या आवराआवरीत कॉक मी परत बागेकडं फिरवून बसलो होतो. ताणाच्या ओळींत थेंब पडायला लागले. टप टप टप. मी कॉककडं झेप घेतली, पण आबांनी माझा दंड धरला. इतका घट्ट की वळ उठला.

"राहू दे," आबा दबक्या आवाजात म्हणाले.

लताबाईंनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. पाणी थांबलं. त्यांनी डोळे उघडले, पाइपाकडं पाहिलं, आपल्या बोटाकडं पाहिलं. "बंद झालं," त्या म्हणाल्या. मग कावेरीकडं वळल्या. "कावे, झालं गं बंद." आणि त्या भिंतीला टेकून रडायला लागल्या, मोठ्यानं. माझ्या आईनं त्यांना धरलं.

आबांनी स्वतः जाऊन डब्यावरच्या बटणानं पंप परत चालू केला. त्यांच्या वाचलेल्या ओळी त्यांच्या डोळ्यांसमोर भिजत होत्या, पण त्यांनी तिकडं पाहिलंही नाही.

"दाबा, विहीणबाई," ते म्हणाले. "हात बसेपर्यंत दाबा."

विहीणबाई म्हणाले ते. मुलगा पसंत आहे का, मुलगी पसंत आहे का, कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मला तर त्या दिवशी कुणीच काही विचारलं नाही.